‘तुम्ही इथे कोरडे, तुमचं काय गेलं?’

गावाकडे पूर आला, दरड कोसळली की मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘तुम्ही इथे कोरडे आहात, तुमचं काय गेलं? टीव्ही बंद करा, मदतीचा ट्रक भरा, कामाला लागा. आठ दिवसांत विसराल.’ लिहिणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असेल. पण हे वाचून माणसं आपला त्रास बोलून दाखवायची थांबतात, म्हणून एकेका वाक्याला उत्तर द्यायला हवं.

‘तुमचं काय गेलं?’

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले, कोकण रेल्वे थांबली. अशा वेळी लालबागच्या खोलीत घरच्यांचा शेवटचा शब्द असतो ‘पाणी ओट्याला लागलंय’, आणि त्यानंतर फक्त ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. तिकडचा माणूस निदान माळ्यावर चढतो, सिलिंडर वर ओढतो, शेजाऱ्याला हाक मारतो. इथल्याच्या हाताला काहीच काम नसतं, शरीर मात्र तेवढंच ताणलेलं. झोप उडते, अन्न घशाखाली उतरत नाही, फोन वाजला की छातीत धडधडतं.

हे मनाचे खेळ नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत (2013), जवळच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाल्याचं किंवा त्याच्या जिवावर बेतल्याचं कळणं हेही आघातात धरलं आहे. आपल्या रीतीलाही हे ठाऊक आहे: गावी भावकीत कुणी गेलं तर मुंबईच्या घरालाही सुतक लागतं.

सर्वात कठीण असतं बेपत्ता माणसाचं. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते, 57 जण सापडलेच नव्हते. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. त्यांचं काय गेलं, हे सांगायला हवं का? देह दिसत नाही तोवर मन मृत्यू मानत नाही. अशा घरात ‘आता मान्य करा’ म्हणू नका. विधी कधी करायचे ते घरच्यांना ठरवू द्या, आणि मुंबईची माणसं पोहोचेपर्यंत थांबा.

‘टीव्ही बंद करा’

हे अर्धं खरं आहे. 2013 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, आठवडाभर रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण नोंदवला. तेव्हा तीच तीच दृश्यं थांबवा. पण आपल्या माणसाची खबर ही वेगळी गोष्ट आहे. ती तोडली तर घालमेल वाढतेच.

खबरीची नीट सोय लावा. प्रत्येक वाडीसाठी मुंबईत एकच निरोप्या नेमा आणि तिकडे फोन त्यानेच करावा. चाळीस जणांनी एकाच नंबरवर फोन केले तर तिथली उरलीसुरली बॅटरी संपते. आवाज पोहोचत नसेल तिथे एसएमएस पाठवा. कमी सिग्नलवरही तो पुष्कळदा जातो. निरोप्याने सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 ला ग्रुपवर यादी टाकावी: घर, शेवटचा संपर्क किती वाजता, कुणी सांगितलं. नवी खबर नसेल तर ‘नवीन काही नाही’ असंही लिहावं, कारण निरोप्या गप्प राहिला की लोक वाईटच धरून चालतात. तारीख-ठिकाण नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका; जुन्या पुराची दृश्यं दरवेळी नव्याने फिरतात.

‘ट्रक भरा’

हाताला काम मिळालं की मन सावरतं, हे खरं. पण न विचारता भरलेल्या ट्रकात जुने कपडे निघतात, ते रस्त्याकडेला भिजत पडतात, आणि तो फोटो पाहून पाठवणारा आणखी खचतो. पूर ओसरल्यावर घरात चिखल असतो. लागतात फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल, पिण्याचं पाणी, टॉर्च, चटया, सॅनिटरी पॅड. आधी गावाला विचारा. आणि ज्याचं माणूस बेपत्ता आहे त्याला पावत्या फाडायला बसवू नका.

‘आठ दिवसांत विसराल’

बहुतेकांची झोप, भूक काही आठवड्यांत आपोआप रुळावर येते. त्या काळात ‘काय झालं ते सांग’ म्हणून कुणाला खोदू नका. बोलला तर ऐका, जेवलाय का बघा, रात्री एकटं ठेवू नका. महिना उलटूनही दुःस्वप्नं पडत असतील, कामावर जाववत नसेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टर गाठा. ‘जगून काय करू’ असं कुणी म्हणालं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या पावसात रेड अलर्ट आला की तीच धडधड परत येते. त्या रात्री कुणी विचारण्याआधी गावातून ‘सगळे ठीक’ एवढा एसएमएस निरोप्याला जायला हवा. तो कोण पाठवणार, हे गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या जूनमधल्या बैठकीतच ठरवा.