फुकटचं विंडोज ११ : हमखास फसण्याची कृती

अपग्रेड फुकट आहे म्हणजे लायसन्सही फुकट आहे, एवढं आधी मनात पक्कं धरा. पुढचं सगळं आपोआप बिघडत जातं.

मार्च २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे विंडोज विभागप्रमुख टेरी मायरसन म्हणाले होते की अस्सल-नकली सगळ्यांनाच विंडोज १० चं अपग्रेड मिळेल. त्यातलं इतकंच लक्षात ठेवायचं. पाठोपाठ खुलासा आला की आधी नकली असलेली कॉपी अपग्रेडनंतरही नकलीच राहील. तो तुमच्यासाठी नव्हताच. चोरीच्या स्कूटरला नवा रंग दिला की आरसी बुक आपल्या नावावर होतं, हे कुणाला माहीत नाही?

त्यामुळे मशीनवर कुठलं लायसन्स आहे ते चुकूनही तपासू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, एक स्पेस आणि ‘/डीएलआय’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाकलं की एक छोटी चौकट उघडते आणि त्यात चॅनल, म्हणजे लायसन्स कुठल्या वाटेने आलं ते, लिहिलेलं असतं. ‘रिटेल’ असेल तर लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. ‘ओईएम’ (मशीनसोबतच आलेलं) असेल तर ते त्याच मदरबोर्डशी बांधलेलं असतं. ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ असेल आणि मशीन तुमच्या घरचं असेल, तर चौकट बंद करा आणि चहा घ्या. केएमएस ही कंपन्यांसाठीची व्यवस्था आहे. किमान २५ संगणक असले तरच तो सर्व्हर विंडोज ॲक्टिव्हेट करतो, आणि तेही १८० दिवसांसाठी. मशीन दर सात दिवसांनी सर्व्हरकडे जाऊन मुदत वाढवून घेतं. तुमच्या घरात २५ संगणक आणि एक सर्व्हर आहे असं विंडोजला पटवून देणारं जे ‘ॲक्टिव्हेटर’ कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलं, ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतं. अर्थातच करा. पाहुणा घरात येताना कुत्र्याला बांधून ठेवा म्हणतो, तसंच हे.

ते नको असेल तर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारी ‘लाइफटाइम’ की (ॲक्टिव्हेशनचा क्रमांक) घ्या. ती बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा) करारातली असते, आणि तशा कीला ठरावीक ॲक्टिव्हेशन्सची मर्यादा असते. लाइफटाइम म्हणजे कुणाचं, हे विचारायचं नसतं.

जुन्या लॅपटॉपच्या पोटावरचा विंडोज ७ चा स्टिकरही जपून ठेवा. त्यावरची २५ अक्षरं टाकून विंडोज १० चालू करण्याची अधिकृत ऑफर २९ जुलै २०१६ ला संपली होती. वाट मात्र सप्टेंबर २०२३ पर्यंत उघडी होती. आता स्टिकर शोभेला छान दिसतो. ज्यांनी आधीच ॲक्टिव्हेट करून घेतलं त्यांचं डिजिटल लायसन्स चालूच आहे, पण ते मदरबोर्ड ओळखतं. म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याला लायसन्स न जोडताच मदरबोर्ड बदला. ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये आहे, पण आधी जोडलेलंच नसेल तर तो तरी काय करणार?

प्रोसेसर बघताना ‘आय७ आहे, म्हणजे चालणारच’ असं ठणकावून सांगा. विंडोज ११ आकडा वाचतं तो डॅशनंतरचा. आय७-७७०० नापास आणि शेजाऱ्याचा आय३-८१०० पास, कारण चालणाऱ्या प्रोसेसरची यादी साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतल्या ज्या मोजक्या चिपना सवलत मिळाली, त्यात ७८२०एचक्यू आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होती, हा निव्वळ योगायोग समजावा.

आता बायॉस, म्हणजे मशीन सुरू होतानाची सेटिंग्ज. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षा चिप) बऱ्याच मशीनवर असतंच, फक्त बंद असतं. इंटेलवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) थोडा वेळ थांबवायला (सस्पेंड करायला) कंट्रोल पॅनेलमध्ये एक क्लिक लागते. ती वाचवा. मग पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, खात्याचा पासवर्ड मुलाला माहीत असतो आणि मुलगा पुण्याला असतो.

‘सिक्युअर बूट’ (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) साठी सीएसएम ही जुनी बूट पद्धत बंद करून यूईएफआय ही नवी करायची असेल, तर डिस्कचा विचार न करता आधी बायॉसच बदला. डिस्क अजून एमबीआर या जुन्या मांडणीची असल्याने (यूईएफआयला जीपीटी ही नवी लागते) मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणेल. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी विंडोजच्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने ‘व्हॅलिडेट’, मग ‘कन्व्हर्ट’ आणि शेवटी बायॉस, असं करणारे लोक भित्रे असतात. तसंही ‘व्हॅलिडेट’ इथेच अडतं, कारण असेंबल करणाऱ्याने सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडून दिलेले असतात. ई मध्ये गाणी, एफ मध्ये लग्नाचे फोटो. हे ड्राइव्ह एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात, आणि या साधनाला फक्त प्रायमरी पार्टिशन चालतात, तीही जास्तीत जास्त तीन. आता एफ उडवायचा की विंडोज, हे बायकोला विचारून ठरवा.

हे सगळं टाळून रेजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत नोंदींतली) फट किंवा रूफस या मोफत साधनाने बनवलेला पेनड्राइव्ह वापरता येतो. तसं करणाऱ्याला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय. कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर मात्र उपयोग नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी नावाची सूचना प्रोसेसरला यावीच लागते, ती त्याला येत नाही.

विंडोज १० वरच राहायचं तर? १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा पाठिंबा संपला. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवायला ३० डॉलर द्या, किंवा १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स पॉइंट, किंवा सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चढवा. मायक्रोसॉफ्ट खातं मात्र हवंच. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्यांना बॅकअपची अट नाही. नागरिकत्व बघा जमतं का.

आणि अपग्रेड झालंच, तर पहिल्याच दिवशी डिस्क क्लीनअप उघडून ‘आधीची विंडोज इन्स्टॉलेशन्स’ वर खूण करा. बरेच जीबी मोकळे होतात. जुना प्रिंटर नव्या विंडोजवर चालत नाही हे तिसऱ्या दिवशी कळेल. मागे जायला दहा दिवस असतात असं कुणीतरी सांगेल. रिकव्हरीत जाऊन बघाल, तर ‘गो बॅक’ चालत नसेल.