बर्डीची टेकडी ज्वालामुखी नाही, प्लीज तो मेसेज पुढे ढकलू नका

दोन दिवसांपासून प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, की सीताबर्डीची टेकडी म्हणजे जपानच्या फुजीसारखा झोपलेला ज्वालामुखी आहे, पुरावा काय तर तिथला काळा दगड, अन् कधीही फुटू शकतो, नागपूर तापतेही त्याच्यामुळेच. काकूचा घाबरून फोन आला म्हणून लिहून राहिलो.

दगड बेसाल्ट आहे, लाव्हाचाच आहे, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण नुसत्या काळ्या दगडावरून काही ठरत नाही. फुजीसारखे शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी बहुतेक अँडेसाइट नावाच्या करड्या दगडाचे असतात, त्यात सिलिका ६० टक्क्यांच्या आसपास म्हणून लाव्हा चिकट, गॅस आत कोंडतो आणि स्फोट होतो, १९८० मध्ये अमेरिकेत सेंट हेलेन्सचा झाला तसा. आणि गंमत बघा, खुद्द फुजी मात्र बराचसा बेसाल्टचा! म्हणजे बघायची असते ती रचना. मधात नळी, तिच्याभोवती एकदा लाव्हा, मग राख-खडे, परत लाव्हा, असे चारही बाजूंनी उतरत जाणारे थर. बर्डीला ना नळी, ना असे उतरते थर. बर्डीचा दगड ज्याचा आहे तो दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांआधी मुख्यतः लांबच लांब भेगांमधून निघाला, सिलिका ५० टक्क्यांच्या जवळपास म्हणून पातळ, दूरवर आडवा पसरत गेला. टेकडी दिसते कारण आजूबाजूचं झिजून गेलं अन् ती उरली.

अन् हे काही आज कळलं नाही. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉपनी १८५० च्या दशकात टाकळीला या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शंख शोधले होते. म्हणजे एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर तळं झालं, त्यात गोगलगायी राहिल्या, मग दुसरा लाव्हा आला. गिट्टी हातात घेऊन बघा, पोकळ्यांमध्ये पांढरे खडे दिसतील, गॅसचे बुडबुडे होते तिथे नंतर पाण्यातून खनिजं जमली.

फुटायचं म्हणाल तर लाव्हा पुरवणारा तो खालचा गरम भाग मागेच राहिला, आपली जमीन उत्तरेला सरकली, तो आता हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे अन् तिथला ज्वालामुखी अजून फुटतो. भारतातला जिवंत ज्वालामुखी बॅरन बेटावर, अंदमानात, जिथे पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली घुसते. नागपूरखाली असं काही नाही.

राहिली गर्मी, ती उन्हाची, अन् समुद्र दूर म्हणून. काकू, तुमच्या वाड्यातली विहीर याच दगडात खोदलेली आहे, मे महिन्यात तिचं पाणी किती गार येते ते तुम्हीच मला लहानपणी पाजलं आहे.