आतड्याचा एक तुकडा आणि ‘सगळी एन्झाइम्स’

चवथीच्या फराळानंतर गोव्यातल्या ग्रुपांवर पोटाचे सल्ले सुरू होतात. त्यातलाच हा मेसेज : ‘गॅस, पोटफुगी? दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढा, शरीरातली सगळी पाचक एन्झाइम्स मोजून मिळतात. हीच एकमेव खात्रीची तपासणी. कमी निघाली तर दूध जन्मभर बंद.’

‘सगळी’ इथंच गाडी घसरते. तुकड्यात मोजतात ती आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स : लॅक्टेज (दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचवणारं), सुक्रेज (नेहमीची साखर पचवणारं), माल्टेज वगैरे. चरबी पचवणारं लायपेज आणि प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन स्वादुपिंडातून येतात. तिथं शंका असेल तर शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचंच एन्झाइम तपासतात, दुर्बीण लागतच नाही.

शिवाय तुकडा काढला म्हणजे एन्झाइम मोजलं, असंही नाही. नेहमीची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी काढलेला तुकडा, फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराची रचना पाहिली जाते. फॉर्मालिनमध्ये एन्झाइमचं काम बंद पडतं. मोजायचंच असेल तर वेगळा तुकडा लगेच गोठवावा लागतो. संशोधक डाल्क्विस्ट यांच्या 1964 च्या पद्धतीत तो वाटून, लॅक्टोज किंवा साखरेच्या द्रावणात 37 अंशांवर ठेवतात, किती ग्लुकोज सुटलं ते मोजतात आणि तुकड्यातल्या प्रथिनाशी त्याचं प्रमाण काढतात. तेव्हा जुन्या फाइलीत बायोप्सी ‘नॉर्मल’ आहे म्हणून लॅक्टेजही ठीक, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

बरं, खात्रीचं काय? पूर्वी क्रॉस्बी कॅप्सूल (तुकडा कापून आणणारी छोटी डबी) गिळवून तुकडा जेजुनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागातून घेत. आता दुर्बीण बहुधा ड्युओडेनमपर्यंतच, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंतच जाते आणि तिथं लॅक्टेज मुळातच कमी असतं. जेजुनमचे आकडे तिथं लावले तर धडधाकट माणूसही रोगी ठरेल. न पचलेल्या लॅक्टोजपासून आतड्यातले जंतू हायड्रोजन करतात, तो श्वासात मोजायची तपासणी सोपी, पण काहींचे जंतू हायड्रोजनऐवजी मिथेन करतात, म्हणून तीही कधी चुकते.

‘जन्मभर’ तर निव्वळ घाबरवणं. जुलाबाच्या साथीनंतर घटलेलं लॅक्टेज अस्तर भरलं की बहुधा परत येतं. कायमचं कमी असलेल्या बऱ्याच जणांनाही जेवणासोबत कपभर दूध चालतं, दही तर सहज. आणि चवथीच्या मणगण्याला (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या गोव्यातल्या खिरीला) कशाला दोष? नारळाच्या रसात लॅक्टोज नसतंच. फक्त दुधाची खीर बाधत असेल तर आधी काही दिवस दूध सोडून पाहा, तेही डॉक्टरांना सांगून.

तुकड्यातलं एन्झाइम मोजणं खरं कामाला येतं ते जन्मजात सुक्रेज नसलेल्या बाळांसाठी : वरचं गोड खाणं सुरू होताच पातळ जुलाब, वजन वाढत नाही. अशा बाळाला मेसेज वाचत बसण्याआधी बालरोगतज्ज्ञाकडे न्या.