पहिल्या प्रोग्रॅममध्ये वेळ हवाच

नमस्कार. रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगची, म्हणजे व्हॅल्यू येतील तशा हाताळण्याच्या पद्धतीची, ओळख करून देताना मी लेखात पहिला प्रोग्रॅम म्हणून सर्च बॉक्स घेतला होता. त्यावरच्या इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. साध्या सर्च बॉक्ससाठी आरएक्सजेएस ही जावास्क्रिप्टची लायब्ररी कशाला, टायपिंगची खबर देणारं अ‍ॅडइव्हेंटलिसनर आणि ठरावीक वेळाने काम करणारं सेटटाइमआउट वापरून पाच ओळींत काम होतं, हा पहिला. आणि नवशिक्याला आधी ‘ऑफ’मध्ये (दिलेल्या व्हॅल्यूंची स्ट्रीम, म्हणजे प्रवाह, बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) १, २, ३ देऊन ‘मॅप’ने दुप्पट करून दाखवायला हवं होतं, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो. ‘ऑफ’मधले आकडे आधीच तयार असतात, सबस्क्राइब केलं, म्हणजे स्ट्रीम ऐकायला लागलं, की सगळे तिथल्या तिथे बाहेर पडतात. शिकणारा म्हणणार, हे तर फॉर लूपनेही झालं असतं, आणि त्याचं म्हणणं खरंच आहे. रिअ‍ॅक्टिव्हची गरज भासते ती पुढची व्हॅल्यू कधी येईल हे आपल्या हातात नसतं तेव्हा. म्हणून मी मुद्दाम माणसाच्या टायपिंगपासून सुरुवात केली.

आता तुमच्या पाच ओळी. कुणी ‘सात’ टाइप करून जरा थांबलं, मग ‘सातारा’ पूर्ण केलं. ३०० मिलिसेकंदांचा टायमर दोन्ही वेळा संपला, दोन रिक्वेस्ट गेल्या. ‘सातारा’चं उत्तर लगेच आलं, ‘सात’चं रेंगाळत मागाहून. बॉक्समध्ये ‘सातारा’ आणि खाली यादी ‘सात’ची! सेटटाइमआउटने रिक्वेस्ट कमी होतात, पण उत्तरांचा क्रम सांभाळला जात नाही. त्यासाठी प्रत्येक रिक्वेस्टचा नंबर लक्षात ठेवा, नाहीतर जुनी रिक्वेस्ट रद्द करणारा अ‍ॅबॉर्टकंट्रोलर आणा. जमतं, पण मग पाच ओळी राहत नाहीत. आरएक्सजेएसमध्ये टायपिंग थांबायची वाट पाहणाऱ्या डिबाउन्सटाइमच्या पुढे, प्रत्येक शब्दाची रिक्वेस्ट सुरू करणारा स्विचमॅप लावला की नवा शब्द येताच आधीच्या रिक्वेस्टचं सबस्क्रिप्शन सुटतं. तिचं उत्तर आलं तरी यादीपर्यंत पोचत नाही.

लेखातला कोड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जपावी. एरर पकडणारा कॅचएरर स्विचमॅपच्या आत, रिक्वेस्टलाच जोडा. बाहेर जोडून रिकामी यादी परत केलीत, तर नेटवर्कच्या पहिल्याच एररला मूळ स्ट्रीम संपते. पुढे कितीही टाइप करा, बॉक्स ढिम्म, आणि कन्सोलमध्ये अक्षरही दिसत नाही. असा बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो.

एका बटणाच्या क्लिकवर फॉर्म पाठवायचा असेल, तर तुमचंच बरोबर. तिथे लायब्ररी आणू नये. सर्च बॉक्सपुरतं एक करा: लोकल सर्व्हरवर फक्त ‘सात’च्या उत्तराला दोन सेकंद उशीर लावा, तुमच्या पाच ओळी चालवा आणि काय दिसलं ते इथेच लिहा.