मावशीचा कोबा आणि तो फॉरवर्ड

परवा सकाळी सातला नाशिकच्या इंदिरानगरमधल्या मावशीचा फोन. "अरे, काँक्रीट रोज कार्बन सोडतं म्हणे. गेटपासून पोर्चपर्यंतचा कोबा फोडून टाकते, मिस्त्रीला बोलावलंय." व्हॉट्सॲपवरचा तो फॉरवर्ड तिच्यापर्यंतही पोचला होता, आणि पाठवणारी माझीच आई. त्यात म्हटलंय: अंगणातलं काँक्रीट रोज कार्बन ओकतं, ते फोडा, पेव्हर ब्लॉक बसवा, सगळं पाणी मुरेल, वर्षात बोअर भरेल, देखभाल शून्य.

कार्बनचं आधी. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो सिमेंटच्या भट्टीत, चुनखडी भाजताना आणि इंधन जळताना. मावशीच्या कोब्याचा तो हिशेब बारा वर्षांपूर्वीच झाला. अंगणात पडलेलं काँक्रीट उलट हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतं. म्हणजे धडधाकट कोबा फोडायचा, राडारोडा ट्रॅक्टरने कुठेतरी नेऊन ओतायचा आणि नवे ब्लॉक आणायचे, तेही सिमेंटचेच. याला पर्यावरण म्हणायचं?

पण खरा घोळ 'पाणी मुरेल' यात आहे. संध्याकाळी गेलो तेव्हा मिस्त्री नमुन्याचा ब्लॉक घेऊन बसला होता. खाली काय टाकणार, विचारलं. "मुरूम, त्यावर रोलर, वर कच. सांध्यात बारीक रेती." कच म्हणजे खडी फोडताना पडणारी दगडाची भुकटी. याच पद्धतीने शेजारच्यांचं काम नुकतंच झालं होतं. तिथे मी एक बादली पाणी ओतलं. पाणी सांध्यांवरून सरळ गेटबाहेर, रस्त्यावर. साध्या ब्लॉकमधून पाणी जातच नाही, ते जातं सांध्यांतून. त्यासाठी सांधे रुंद हवेत, त्यांत भुकटी नसलेली बारीक खडी हवी आणि खाली धुतलेल्या खडीचा जाड, पोकळ्या असलेला थर. दाबलेला मुरूम आणि कच म्हणजे बूचच. त्यात तिथली काळी माती पाणी सावकाश पिते आणि फुगते. घराच्या पायाला लागून पाणी मुरवायचं तर आधी जाणकाराला दाखवा.

देखभाल शून्य? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने मॅडिसन शहरात पाणी झिरपणाऱ्या तीन प्रकारच्या फरशा तपासल्या. शेजारच्या पार्किंगमधून वाहून आलेल्या गाळाने त्या तुंबल्या, साफ कराव्या लागल्या. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावरून काय वाहत येतं ते सांगायला नको.

बोअरचं तर सोडाच. नाशिकच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरतं, अंगणाखालून थेट बोअरमध्ये उतरत नाही.

एक मात्र मान्य करावं लागेल. ५०० चौरस फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४६५ लिटर पाणी होतं आणि कोब्यावरून ते जवळजवळ सगळं रस्त्यावर जातं. म्हणून मावशीला म्हटलं, गाडीच्या दोन चाकांचे पट्टे तसेच ठेव, मधला पट्टा तेवढा कटरने काप, खडी भर, उतार तिकडे दे. मिस्त्री म्हणाला, "एवढ्याशा कामाला कटरचं भाडंही सुटत नाही." त्याला चहा पाजून पाठवलं. कटरवाला आता मीच शोधतोय.