पिल्लं कितीत देता?

परवा पहाटे साडेपाचला फाटकावर काठी वाजली. बाहेर कान बांधलेले एक आबाजी. आमची ओळख रामरामापुरती.

"पिल्लं कितीत देता?"

"कशाची पिल्लं?"

"कोंबडीची. दिसून राह्यला ना लाइट." काठी माझ्या 'काचघरा'कडे. काचघर म्हणजे चार बांबू, फवारणीच्या वेळी उरलेला प्लास्टिकचा तागा आणि आत १०० वॅटचा पिवळा बल्ब.

"आबाजी, झाड आहे आत. अनंताचं."

"झाडाले बल्ब?"

"थंडी लागते त्याला."

आबाजी थोडा वेळ गप्प. मग आजाऱ्याशी बोलावं तसं हळूच, "बरं. मंग पिल्लं कवा निंगतीन?"

आता ह्यांना काय सांगू? अनंताला रात्री पंधरा-सोळा अंश हवे असतात. आमच्याकडे डिसेंबरात सात-आठ सहज होतात. २०१८ साली तर नागपुरात ३.५ झाले होते. गारठा बसला की हा कळ्या टाकतो, आणि मेमधल्या पंचेचाळीस अंशांतही टाकतोच. माती आंबूस हवी, आमची काळी चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. पानं पिवळी पडतात. गार्डेनिया हे त्याचं शास्त्रीय नाव बागेवरून आलंय असं मला वाटायचं. ते निघालं अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून. म्हणूनच बहुतेक कायम आजारी.

तोवर आबाजी प्लास्टिक उचलून आत डोकावले होते.

"खाते काय हे?"

"हिराकस. पंधरा दिवसांनी ताक."

"ताक?" आबाजींनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमच्या सुनेनं मले साल झालं, ताक नाही इचारलं."

आणि बुढा आत जाऊन सरळ बल्बाजवळ उकिडवा बसला. "शेकू द्या जरा. रात्री बारापासून हरभऱ्यात उभा आहो."

ह्या आठवड्यात शेताची लाइन रात्री आहे. दिवसा मोटार चालत नाही, म्हणून सत्तरीचा माणूस अंधारात, चिखलात, सापा-विंचवात पाणी वळवतो. गावातली लाइन मात्र रात्रभर चालू, माझ्या बल्बासाठी. ह्यात माझा काय दोष? लाइनीचं वेळापत्रक मी लावतो का? तसं मी म्हणालोही, जरा चढ्या आवाजात. आबाजी म्हणाले, "तुमाले कोण बोललं बावा? झाडाचं नशीब असते एकेकाचं."

हे मला अजून झोंबतंय.

पाऊण तास ते शेकत बसले, प्लास्टिक उघडं टाकून. पुण्याहून पाच कळ्यांसकट आणलेलं झाड. सकाळी दोन कळ्या खाली. बुढ्याला काय बोलणार? मी चहा दिला, तोही आल्याचा.

दुपारी शेतातून आलो तर बायको दारात, हातात पन्नासच्या दोन नोटा.

"दोघं जण ॲडव्हान्स ठेवून गेले. एकाला गावरानच पाहिजेत."

"तू घेतलेस?"

"मग? तुमच्या झाडानं अजून एक रुपया तरी दिला का?"