टीपीज नावाची टीम नेमकी कुणाची होती?

भारतातून कुणी पाहुणे आले की त्यांना नायगारा दाखवायचाच, हा इथल्या मराठी घरांचा अलिखित नियम. टोरंटोहून निघालं की धबधब्याच्या वीसेक किलोमीटर अलीकडे सेंट कॅथरिन्स लागतं. तिथे कुणी गाडी थांबवत नाही. काही वर्षांपूर्वी मी बाबांना घेऊन मुद्दाम थांबलो, जुन्या गार्डन सिटी अरेनासमोर. बाबा म्हणाले, "इथं काय बघायचं?"

इथे एक ज्युनियर आइस हॉकीची टीम होती. १९४३ ला सुरू झाली तेव्हा नाव फाल्कन्स, १९४७ पासून टीपीज. ऐकून तंबू डोळ्यासमोर येतो, पण तंबूचा काही संबंध नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणारी थॉम्प्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी प्रायोजक होती, तिची आद्याक्षरं टी आणि पी. पुढे १९६२ पासून नाव ब्लॅक हॉक्स, कारण खेळाडूंवर हक्क शिकागोच्या ब्लॅक हॉक्स या व्यावसायिक टीमचा. इथे पोरं घडवायची आणि शिकागोला पाठवायची. पुढे शिकागोचा मोठा खेळाडू झालेला बॉबी हल इथलाच. १९६१ ला शिकागोने स्टॅनली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचं सर्वोच्च पारितोषिक, जिंकला तेव्हाचे प्रशिक्षक रूडी पिलस, तेही आधी टीपीजचेच. म्हणजे नाव कंपनीचं, पोरं शिकागोची. गावाचं काय?

माझ्या मते गावाचा होता स्टॅन मिकिटा. १९४८ ला आठ वर्षांचं पोर, आईबापांना चेकोस्लोव्हाकियात सोडून इथे नातेवाइकांकडे आलं. इंग्रजीचा गंध नाही. रस्त्यावर हॉकी खेळणारी पोरं लांबून बघत राहायचा, मग कधीतरी त्यांच्यात घुसला. स्टिक चालवायला भाषा लागत नाही. शाळेत 'निर्वासित' म्हणून चिडवायचे, तर हा मारामारी करायचा. इथूनच टीपीजमध्ये, तिथून शिकागोत, आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये. परदेशात पोरं वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट जरा जास्तच लागते, हे कबूल करतो.

मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च पारितोषिक, टीपीजने दोनदा जिंकला. १९५४ आणि १९६०, दोन्ही वेळा एडमंटनला हरवून. पण मला सगळ्यात जास्त आठवावंसं वाटतं ते १९७१, जे त्यांनी जिंकलंच नाही.

तेव्हा टीमचा हिरो मार्सेल डिओन. हा क्यूबेक या फ्रेंच भाषिक प्रांताचा, आणि इंग्रजी ऑन्टारियोत, म्हणजे इथे, येऊन खेळणारा. मेमोरियल कपच्या वाटेवरच्या मालिकेत समोर क्यूबेक रेम्पार्ट्स ही टीम आणि त्यांचा गी लाफ्लर. दोघंही एकोणीस वर्षांचे. आदल्याच ऑक्टोबरात क्यूबेकमध्ये फुटीरतावाद्यांनी अपहरणं केली होती, एका मंत्र्याचा खून झाला होता. डोकी आधीच तापलेली. त्यात डिओन म्हणजे गद्दार! क्यूबेकमधल्या चौथ्या सामन्यात प्रेक्षकांनी बर्फावर हाताला लागेल ते फेकलं, नंतर टीमच्या बसला जमावाने गाठलं. पाचवा सामना टोरंटोत झाला, तो सेंट कॅथरिन्सने जिंकला. क्यूबेककडे ३-२ अशी आघाडी. सहाव्यासाठी पुन्हा क्यूबेकला जायचं होतं. टीम गेली नाही. मालिका क्यूबेकला बहाल झाली.

याला पळपुटेपणा म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला पटत नाही. मोठ्यांच्या राजकारणात पोरांना दगड खायला पाठवायचं नाही, असं कुणीतरी ठरवलं असेल तर त्यात चुकलं काय? त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम्स नवी पोरं निवडतात तेव्हा, लाफ्लर पहिला, डिओन दुसरा. डिओनने पुढे ७३१ गोल केले, पण स्टॅनली कप त्याला कधीच मिळाला नाही. लाफ्लरला पाच मिळाले.

१९७६ ला टीम उचलून नायगारा फॉल्सला नेली. १९८२ ला नॉर्थ बे, २००२ ला थेट अमेरिकेत, मिशिगनमधल्या सॅगिनॉला. फ्रँचायझी तीच, नाव दर वेळी नवं. हे सांगितल्यावर आमचे कोल्हापूरकर बाबा पहिल्यांदा नीट वळून बघायला लागले. "म्हणजे पाटाकडील तालमीची फुटबॉल टीम उचलून सांगलीला नेली म्हण की! पेठेतली माणसं गप्प बसली?"

सेंट कॅथरिन्समध्ये आता पुन्हा टीम आहे, आइसडॉग्ज, २००७ पासून. तीही मिसिसागातून उचलून आणलेली. या गावाने तरी दुसऱ्याची टीम घ्यायला नको होती असं मला वाटायचं, पण रिकामी रिंक बघवत नाही हेही खरं.

२०२४ ला सॅगिनॉने मेमोरियल कप जिंकला. त्यांचा पहिलाच. बाबांना फोनवर सांगितलं.

ते म्हणाले, "आणि आधीचे दोन?"